ती पेज होणार आहे का?

लेकीला पुन्हा बास्केटबॉल का खेळू देतेस, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. तुम्ही काही पहिले नाही. मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट हातात असताना मला हे विचारलं गेलंय. सोलापूरहून आई दर रविवारी फोनवर विचारते. मोठ्या नणंदेनं तर लेकीच्या देखत विचारलं, "गुडघ्याचं एवढं मोठं ऑपरेशन झालं, तरी पुन्हा बास्केटबॉल कशाला खेळू देतेस? ती काय पेज बेकर्स होणार आहे का?" पेज म्हणजे इथे अमेरिकेत, आमच्या कनेक्टिकटमध्ये कॉलेजच्या संघातून गाजलेली बास्केटबॉलपटू.

मी दर वेळी वेगळं उत्तर दिलंय. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. तिला आवडतं. हे एवढं वर्ष होऊ दे. तिन्ही खरी होती आणि तिन्ही वेळ मारून नेण्यापुरती होती. आज सगळं सांगते. जे नवऱ्यालाही पुष्कळ उशिरा सांगितलं, तेसुद्धा.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, ती पेज होणार नाही. आम्हाला कुणालाच तसा भ्रम नाही आणि तिला तर मुळीच नाही. ती पाच फूट चार इंचांची, शाळेच्या संघातली गार्ड आहे. चेंडू पुढे घेऊन जाते, पास देते, अंगाला चिकटून बचाव करते. चांगल्या दिवशी सहा गुण करते. पेज मिनेसोटातल्या हॉपकिन्सची. 2020 मध्ये ती कनेक्टिकट विद्यापीठात, म्हणजे आमच्या यूकॉनमध्ये आली आणि पहिल्याच वर्षी देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. कॉलेजच्या पहिल्या वर्षात असलेल्या मुलीला तो मान त्याआधी कधी मिळाला नव्हता. या दोघींना एका वाक्यात बसवायचं तुम्हाला सुचतं, ते आमच्या घरात तिचं पोस्टर आहे म्हणून. पोस्टर मीच आणलं होतं.

पेजचं ते पहिलं वर्ष करोनाचं होतं. इथल्या मैदानांवर प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. आमच्या घरापासून गाडीनं चाळीस मिनिटांवर ती खेळत होती आणि आम्ही तिला टीव्हीवरच पाहत होतो. पुढच्या हंगामात दारं उघडली तेव्हा पहिली संधी साधून मी तिकिटं काढली. 5 डिसेंबर 2021, नॉत्र दामविरुद्धचा सामना, स्टॉर्सचं गॅम्पेल पॅव्हिलियन. लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. स्टॉर्स म्हणजे शेतं, गोठे, आणि मधेच दहा हजार माणसं मावतील असं ते घुमटाचं स्टेडियम. सामन्याआधी आम्ही विद्यापीठाच्या डेअरीतलं आइस्क्रीम खाल्लं, त्या थंडीत.

पेज टीव्हीवर दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात संथ वाटते. ही माझी सगळ्यात पक्की आठवण. बाकीच्या नऊ जणी धावत असतात आणि ही चालल्यासारखी येते, बचाव करणारी अर्धं पाऊल मागे सरते आणि तेवढ्यात हिचा चेंडू हातातून सुटलेला असतो. मी सोलापुरात शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर चार वर्षं गार्ड म्हणून खेळले आहे. आम्हाला शिकवलं होतं, पळा. थांबण्यातही कसब असतं हे मला चाळिशी ओलांडल्यावर त्या मुलीला बघून कळलं.

सामना संपायला चाळीस सेकंदही उरले नव्हते. यूकॉन जवळजवळ वीस गुणांनी पुढे होतं. पेज चेंडू घेऊन येत होती, आणि कुणाचा धक्का न लागता ती पडली. सगळं स्टेडियम गप्प झालं. सहकाऱ्यांनी तिला उचलून आत नेलं. गुडघ्याच्या सांध्यालगत हाड मोडलं होतं आणि आतली गादीही फाटली होती, हे नंतर कळलं.

परतताना मी गाडीत नवऱ्याला म्हणाले, "माझ्या पोरीला असं काही झालं ना, तर दुसऱ्या दिवशी बॉल माळ्यावर टाकीन." मागच्या सीटवर लेक जागी होती.

तुम्ही मला जे विचारता, ते त्या दिवशीच्या माझ्या आवाजात विचारता. म्हणून मला राग येतो. ती बाई मला ठाऊक आहे. तिची माया खोटी नव्हती. पण दुसऱ्या दिवशी घरात काय असतं, हे तिला माहीत नव्हतं.

जानेवारी 2024. मंगळवारची संध्याकाळ, दुसऱ्या गावातल्या शाळेचं जिम. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लेक चेंडू घेऊन पुढे निघाली. समोर एकच मुलगी होती. लेकीनं दिशा बदलायला डावा पाय रोवला, गुडघा आत वळला आणि ती खाली बसली. पडली म्हणता येणार नाही, बसली. फट् असा आवाज आला असं मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं. आवाज तिनं ऐकला होता, मी नाही. मला दिसला तो चेंडू. तो घरंगळत समोरच्या संघाच्या बाकाखाली गेला आणि तो आणायला कुणी उठलं नाही.

इथे रीत आहे, कुणाला लागलं की बाकीच्या मुली जिथे असतील तिथे एक गुडघा टेकून बसतात. दोन्ही संघांच्या मुली तशा बसल्या. मी स्टँडच्या लाकडी पायऱ्या उतरत होते आणि मला त्या सगळ्या मुलींचे टेकलेले धड गुडघे दिसत होते.

ट्रेनरनं तिला बाजूच्या टेबलावर घेतलं. एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी, आणि नडगी हलकेच पुढे ओढली. आधी उजवी. ती थोडी हलली आणि कट्कन थांबली. मग डावी. ती ड्रॉवर ओढावा तशी पुढे आली, थांबलीच नाही. त्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी तसंच एकदा परत करून पाहिलं. मला वैद्यकातलं काही कळत नाही, पण ते मला कळलं. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा जो दोर असतो, तो तुटला होता.

परत येताना नवरा गाडी चालवत होता. मी मागे लेकीजवळ बसले होते, तिचा पाय माझ्या मांडीवर, बर्फाची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळलेली. ती रडत नव्हती. तिच्या हाताला अजून चेंडूचा रबरी वास येत होता. निम्म्या वाटेवर तिनं विचारलं, "आई, पेजला किती महिने लागले?"

पेजला दोनदा लागलं होतं. पहिल्या दुखापतीतून ती त्याच हंगामात, फेब्रुवारीच्या अखेरीस परत आली. मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध दोन जादा डावांच्या सामन्यात तिनं 27 गुण केले आणि संघाला अंतिम फेरीच्या शहरात, तिच्याच मिनेसोटात, नेलं. तिथे साऊथ कॅरोलायनाकडून हरले. मग 1 ऑगस्ट 2022 ला, साध्या सरावाच्या खेळात, तिचा एसीएल तुटला. अख्खा हंगाम ती बाकावर बसली. पुन्हा सामना खेळली तो नोव्हेंबर 2023 मध्ये. पंधरा महिने. मला हा हिशेब पाठ होता, कारण ती परतली तो सामना आम्ही घरी पाव-भाजी करून साजरा केला होता.

मी म्हणाले, "नऊ."

"पण ती पूर्ण सीझन बसली होती ना?"

"सीझन संपला होता म्हणून. नऊ महिन्यांत ती तयार होती."

लेकीनं बोटं मोजली. "म्हणजे ऑक्टोबर. म्हणजे पुढचा सीझन मिळतो." आणि तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

मी खोटं का बोलले, यावर मी दोन वर्षं विचार करते आहे. तिला त्या रात्री झोप लागावी म्हणून, हे एक उत्तर. दुसरं उत्तर असं, की त्या क्षणी "पंधरा" म्हटलं असतं तर ती कदाचित म्हणाली असती, मग नको. आणि ती "नको" म्हणेल याची मला भीती वाटली. दोन वर्षांपूर्वी बॉल माळ्यावर टाकायला निघालेली मीच. हे मला त्या गाडीत कळलं नाही, फार नंतर कळलं. तुम्ही विचारता "खेळू का देतेस?" तेव्हा मी "तिची आवड" म्हणते, पण त्या रात्री तिनं फक्त महिने विचारले होते. परत खेळायचंच, हे मी तिच्यासाठी ठरवून टाकलं.

सूज उतरल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन झालं. गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायूबंधाची मधली पट्टी काढून तिचा नवा दोर केला. पुढून उभा, बोटाएवढा व्रण आहे. त्यानंतर काय होतं हे कुणी सांगत नाही. मांडीचा स्नायू झोपी जातो. मुलगी पलंगावर बसून आपल्याच पायाकडे बघते, उचल म्हणते, आणि पाय उचलला जात नाही. लेक सहाव्या दिवशी टाच पलंगापासून दोन इंच वर नेऊ शकली, तेव्हा घामाघूम झाली होती.

माझ्या शिवणाच्या डब्यात सोलापूरहून आणलेली पिवळी टेप आहे. दर रविवारी त्या टेपनं आम्ही लेकीची मांडी मोजायचो, गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं वर. तिसऱ्या आठवड्यात डावी मांडी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरनं कमी भरली. आकडा फ्रिजवरच्या कागदावर लिहायचा. तिनं त्या कागदाच्या वर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, "9".

त्या एप्रिलमध्ये यूकॉन उपांत्य फेरीत आयोवाकडून दोन गुणांनी हरलं, 71-69. शेवटच्या चार सेकंदांत चेंडू यूकॉनकडे होता आणि यूकॉनच्याच अलिया एडवर्ड्सच्या स्क्रीनवर, म्हणजे बचाव करणारीची वाट अडवून उभं राहण्यावर, पंचांनी शिट्टी वाजवली. सगळं कनेक्टिकट त्या शिट्टीवर चिडलं होतं. मीही. पेजनं मात्र सामन्यानंतर सांगितलं की एका खेळीनं सामना हरत नाही की जिंकत नाही. लेक सोफ्यावर ब्रेस घातलेला पाय उशीवर ठेवून ऐकत होती. म्हणाली, "ती असं म्हणू शकते, कारण ती खेळत होती." मला उत्तर सुचलं नाही.

आता थोडं तुमच्याशी भांडते. मंडळातल्या दोन मुलांचे खांदे क्रिकेटनं गेलेत. त्यांच्या आयांना कुणी विचारलं नाही की तो काय बुमराह होणार आहे का. "खेळात होतं असं," म्हणून विषय संपला. माझ्या लेकीच्या गुडघ्यावर मात्र तिच्या लग्नापर्यंतची चर्चा झाली. व्रण दिसेल का, पुढे खाली बसता येईल का, बाळंतपणात त्रास होईल का. ती ते सगळं ऐकत होती. तिला मराठी उत्तम कळतं.

पण तुमचं म्हणणं चूक आहे असंही मी म्हणू शकत नाही. मुलींमध्ये ही दुखापत त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दुपटीहून जास्त होते. आणि एसीएल बदलून परत खेळायला लागलेल्या तरुण मुलामुलींपैकी साधारण चारातल्या एकाला पुन्हा लागतं, त्याच गुडघ्याला नाहीतर दुसऱ्या. हा आकडा सर्जननं आम्हाला समोर बसवून सांगितला. मी तो आईला सांगितलेला नाही. नणंदेलाही नाही. तुम्हाला आज पहिल्यांदा सांगते आहे. उडी मारून उतरण्याचे, दिशा बदलण्याचे काही साधे व्यायाम सरावाआधी नियमित केले तर धोका बराच कमी होतो, हेही मला ऑपरेशननंतर कळलं. आधी कळायला हवं होतं. मी स्वतः खेळलेली होते, मी शोधायला हवं होतं.

नोव्हेंबर आला. संघ निवडीच्या आदल्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टनं चाचणी घेतली. एका पायावर लांब उडी, तीन उड्या, मग यंत्रावर मांडीची ताकद. डावा पाय उजव्याच्या नव्वद टक्क्यांना पोचायला हवा होता. ब्याऐंशी भरला. त्या म्हणाल्या, नाही. लेक म्हणाली, "पण नऊ महिने झाले. पेज नऊ महिन्यांत तयार होती." फिजिओथेरपिस्ट कनेक्टिकटच्याच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि सांगितलं की पेजला वर्षाहून जास्त लागलं होतं.

लेक गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही. मग फोन काढून तिनं तारखा शोधल्या. ऑगस्ट 2022. नोव्हेंबर 2023. तिनं मोठ्यानं मोजलं, एक एक महिन्याचं नाव घेऊन. पंधरापर्यंत आल्यावर म्हणाली, "तू मला नऊ सांगितलंस."

मी म्हणाले, "तुला त्या रात्री..."

"मी आठवड्यातून पाच दिवस जिममध्ये होते. प्रत्येक वेळी मला वाटायचं, ती या महिन्यात माझ्यापुढे होती. मी मागे आहे. मला वाटायचं मीच कमी पडतेय."

घरी आल्यावर तिनं फ्रिजवरचा कागद काढला, फाडला नाही, घडी करून माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवला. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वडिलांशी बोलायची, तेही जेवणापुरतं. पाचव्या दिवशी तिनं टेप मागितली आणि स्वतःची मांडी स्वतः मोजली. तेव्हापासून मला मोजू दिलेलं नाही.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे कुठेतरी आहे. तेव्हा मी तिला म्हणाले होते, "सोड, बस झालं, आपण नको खेळूया." मनापासून म्हणाले होते. मला वाटलं, माझ्या खोट्याची ही भरपाई. ती म्हणाली, "आता ते तू नाही ठरवायचं." त्यानंतर मी काही दिलेलंही नाही आणि अडवलेलंही नाही. "खेळू देतेस" हा शब्दच आमच्या घरात उरलेला नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये, ऑपरेशनला वर्ष होत आलं तेव्हा, तिला परवानगी मिळाली. शेवटचे पाच सामने खेळली, प्रत्येकी सात-आठ मिनिटं. पहिल्या सामन्यात तिनं डावा पाय रोवला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती परत धावत येत होती, चेंडू कुठे गेला मला माहीत नाही.

आणि मग 6 एप्रिल. पेजचा यूकॉनसाठीचा शेवटचा सामना, टॅम्पा, अंतिम फेरी. साऊथ कॅरोलायनाला त्यांनी 82-59 असं हरवलं. यूकॉनचं ते बारावं विजेतेपद, पण 2016 नंतरचं पहिलं. पेज पाच वर्षं इथे होती आणि तिच्या वाट्याला ते शेवटच्या दिवशी आलं. त्याआधी ओक्लाहोमाविरुद्ध तिनं 40 गुण केले होते, अंतिम सामन्यात 17. मिनिट-दीड मिनिट उरलेलं असताना प्रशिक्षक जीनो ऑरिएमांनी तिला बाहेर बोलावलं आणि ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. मला वाटलं, बघ, झालं ना सगळं ठीक.

लेक रडत नव्हती. ती म्हणाली, "आई, पेजकडे नको, ॲझीकडे बघ." ॲझी फड, त्या अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू, 24 गुण. तिचा एसीएल दोनदा तुटला आहे, एकदा शाळेत आणि एकदा नोव्हेंबर 2023 मध्ये. लेक पुढे म्हणाली, "आणि ऑब्री ग्रिफिन. तिचा माझ्याच महिन्यात तुटला. तिच्याबद्दल तू कधी विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. ऑब्रीचा एसीएल जानेवारी 2024 मध्ये तुटला हे मी वाचलं होतं आणि विसरले होते. जी परत येऊन करंडक उचलते तिचे महिने मला पाठ. दुसरीचे नाहीत. नणंदेला आणि आईला पेजचं उदाहरण देत होते तेव्हा मी खोटं बोलत नव्हते, पण पेज एकटी दाखवत होते. त्याच संघात कॅरोलिन डुशार्म होती, डोक्याच्या आणि मानेच्या त्रासानं जवळजवळ अख्खा हंगाम बाहेर बसलेली. तिची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, कारण तिनं माझं म्हणणं सिद्ध होत नव्हतं.

पेज आता डॅलसला व्यावसायिक संघात आहे. 2025 च्या निवडीत पहिली, आणि पहिल्या वर्षाची सर्वोत्तम खेळाडूही. मला तिचा अजून अभिमान वाटतो. पोस्टर लेकीनं काढलेलं नाही. त्याच्या खाली तिनं टेप टांगली आहे.

हे तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. कुठल्याही कॉलेजनं तिला खेळासाठी बोलावलेलं नाही, बोलावणारही नाही. सामन्यानंतरच्या सकाळी डावा गुडघा अजून थोडा सुजतो. ती जिना उतरताना कठड्याला हात लावते आणि मी खालून पाहते आहे असं दिसलं की हात काढून घेते. जिथे प्रवेश मिळेल तिथल्या क्लबमध्ये खेळेन, असं ती परवा मैत्रिणीला फोनवर सांगत होती. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही, नाहीसुद्धा म्हटलेलं नाही. तिनं मला विचारलेलंच नाही.